डिस्क माउंट न करता फाइल्स कॉपी कशा करायच्या? टर्मिनलवरून काम करणाऱ्यांसाठी संदर्भ-लेख

पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या सोसायटीतल्या एका काकांचं किराणा दुकान आहे. दुकानाचा हिशोब एका छोट्या रास्पबेरी पायवर चालायचा. दिवसातून तीन-चारदा वीज गेली आणि संध्याकाळी तो सुरूच होईना. कार्ड माझ्या लॅपटॉपला लावलं, तर माउंट करताना सुपरब्लॉक वाचता येत नसल्याची एरर आली. काका म्हणाले, "गेलं का रे सगळं? उधारीची वही पण त्याच्यातच आहे."

सगळं गेलेलं नव्हतं. कार्ड माउंट होत नव्हतं, पण आतला डेटा जागेवरच होता. पंधरा मिनिटांत हिशोबाचा पूर्ण फोल्डर बाहेर आला आणि कार्ड मात्र एकदाही माउंट झालं नाही. ते कसं केलं, वेगवेगळ्या फाइलसिस्टमसाठी कोणतं साधन वापरायचं आणि मी स्वतः कुठे तोंडघशी पडलो, ते या लेखात एका जागी लिहून ठेवतो.

सुरुवातीलाच एक सूचना. सगळ्या आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप करायच्या. ऑप्शन कॅपिटल अक्षराचा असेल तिथे तसं सांगितलं आहे, बाकी सगळं स्मॉल.

माउंट म्हणजे नेमकं काय?

लिनक्समध्ये डिस्क माउंट करणं म्हणजे कर्नलला सांगणं, "या पार्टिशनवरची फाइलसिस्टम वाच आणि अमुक फोल्डरला जोडून दे." त्यानंतर सीपी, एलएस, फाइल मॅनेजर असे सगळे प्रोग्राम कर्नलमार्फत त्या फाइल्सपर्यंत पोचतात.

पण डिस्क ही शेवटी आकड्यांची एक लांबलचक रांगच असते. कोणत्या फोल्डरमध्ये कोणती फाइल आहे आणि ती कोणत्या ब्लॉकमध्ये आहे, याची नोंद त्या रांगेतच ठरलेल्या पद्धतीने लिहिलेली असते. ही पद्धत माहीत असलेला कोणताही साधा प्रोग्राम डिस्क थेट उघडून फाइल शोधू शकतो. कर्नलने माउंट करायला नकार दिला तरी फाइल मिळते, ती यामुळेच.

ही पद्धत मुख्यतः चार वेळा कामी येते:

१. फाइलसिस्टम बिघडली आहे, माउंट होत नाही.
२. तुमच्याकडे रूटचा अधिकार नाही, पण डिस्कची इमेज फाइल आहे. इमेज ही तुमचीच साधी फाइल असल्याने ती उघडायला सूडो लागत नाही.
३. तुमच्या सिस्टमला ती फाइलसिस्टम समजत नाही. उदाहरणार्थ, मॅकला ईएक्सटी४ मुळात वाचता येत नाही. पण होमब्रूमधून ई२एफएसप्रॉग्स टाकलं की खाली दिलेलं डीबगएफएस मॅकवरही चालतं.
४. डिस्कवर एक अक्षरही बदलू द्यायचं नाही. ईएक्सटी४ 'रीड-ओन्ली' माउंट केली तरी, आधी नीट बंद झालेली नसेल तर, कर्नल तिचं जर्नल लागू करतो आणि डिस्कवर लिहितो. तसं नको असेल तर नोलोड हा ऑप्शन द्यावा लागतो. माउंटच न करणं हा त्याहून सरळ मार्ग.

कामाला लागण्याआधी तीन गोष्टी

*पहिली: डिस्क खरंच अनमाउंट आहे का ते बघा.* हल्ली डेस्कटॉपवर पेन ड्राइव्ह लावला की तो आपोआप माउंट होतो. आपण काही केलं नाही म्हणून तो माउंट नाही, असं धरून चालू नका.

एलएसबीएलके -एफ

या आज्ञेत प्रत्येक पार्टिशनची फाइलसिस्टम आणि माउंट पॉइंट दिसतो. माउंट पॉइंटचा रकाना रिकामा हवा. नसेल तर:

सूडो यूमाउंट /डेव्ह/एसडीबी२

(या आज्ञेच्या स्पेलिंगमध्ये यू नंतर एन नाही. सगळे एकदा तरी तिथे चुकतात.)

*दुसरी: डिस्क मरायला टेकली असेल तर आधी तिची इमेज काढा.* कॉपी मध्येच अडकत असेल किंवा हार्ड डिस्क टकटक आवाज करत असेल, तर प्रत्येक वाचनात तिचं आयुष्य कमी होतंय असं समजा. जीएनयू डीडीरेस्क्यू हे त्यासाठीचं साधन. डेबियन-उबुंटूवर पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू आहे.

सूडो डीडीरेस्क्यू /डेव्ह/एसडीबी कार्ड.आयएमजी कार्ड.मॅप

आधी मूळ डिस्क, मग इमेज, शेवटी मॅप फाइल. क्रम उलटा होऊ देऊ नका. मॅप फाइलमुळे काम मध्येच थांबलं तरी पुन्हा तिथूनच सुरू होतं. पुढचं सगळं काम या इमेजवर करायचं आणि मूळ डिस्क बाजूला ठेवायची.

*तिसरी: दुरुस्ती नंतर, कॉपी आधी.* माउंट होत नाही म्हटल्यावर पहिला हात ई२एफएससीकेकडे जातो. माझाही जायचा. पण त्याचं काम फाइलसिस्टमची रचना पुन्हा सुसंगत करणं हे आहे, तुमची प्रत्येक फाइल वाचवणं नव्हे. जुळत नसलेल्या नोंदी तो काढूनही टाकतो. म्हणून आधी महत्त्वाच्या फाइल्स बाहेर काढा, मग निवांत दुरुस्ती करा.

ईएक्सटी२, ईएक्सटी३, ईएक्सटी४: डीबगएफएस

बहुतेक लिनक्सवर हे आधीपासूनच असतं, कारण ते ई२एफएसप्रॉग्स या पॅकेजचाच भाग आहे. नाव ऐकून घाबरू नका. तुम्ही मुद्दाम सांगितल्याशिवाय ते डिस्क फक्त वाचण्यासाठी उघडतं.

सूडो डीबगएफएस /डेव्ह/एसडीबी२

प्रॉम्प्ट आला की एलएस, सीडी, पीडब्ल्यूडी नेहमीसारखे चालतात. एकच फाइल बाहेर काढायला:

डम्प /होम/पाय/हिशोब.डीबी /टीएमपी/हिशोब.डीबी

पूर्ण फोल्डर काढायला आरडम्प. बाहेरचा फोल्डर आधी तयार करून ठेवा:

आरडम्प /होम/पाय/दुकान /टीएमपी/वाचवलं

प्रॉम्प्टवर न जाता एकाच ओळीत काम करायचं असेल तर कॅपिटल आर हा ऑप्शन देऊन आज्ञा अवतरणचिन्हांत लिहा:

सूडो डीबगएफएस -आर "आरडम्प /होम/पाय/दुकान /टीएमपी/वाचवलं" /डेव्ह/एसडीबी२

*उघडतच नसेल तर?* काकांच्या कार्डाचं तेच झालं होतं. मुख्य सुपरब्लॉक खराब होता. पण ईएक्सटी फाइलसिस्टम सुपरब्लॉकच्या जास्तीच्या प्रती ठेवते. ४०९६ बाइटचे ब्लॉक असतील, आणि हल्ली बहुतेक वेळा तेच असतात, तर पहिली प्रत ३२७६८ क्रमांकाच्या ब्लॉकवर सापडते. म्हणून:

सूडो डीबगएफएस -बी ४०९६ -एस ३२७६८ /डेव्ह/एसडीबी२

दोन्ही ऑप्शन बरोबरच द्यावे लागतात. तरीही तक्रार आली तर -सी जोडा. त्याने डीबगएफएस सुरुवातीला बिटमॅप वाचायच्या फंदात पडत नाही आणि डिस्क सक्तीने रीड-ओन्ली ठेवतो. बिघडलेल्या डिस्कसाठी हे फार उपयोगी आहे.

एक मर्यादा लक्षात ठेवा. डीबगएफएस अशा वेळी जर्नल लागू न करताच डिस्क वाचतो. त्यामुळे वीज जाण्याच्या अगदी आधी केलेले बदल दिसतीलच असं नाही. काकांच्या शेवटच्या दोन नोंदी मिळाल्या नाहीत. उधारीची बाकी वही मिळाली.

*आत फाइल टाकायची असेल तर* -डब्ल्यू देऊन उघडा. आधी सीडीने योग्य फोल्डरमध्ये जा आणि मग फक्त नाव द्या, लांबलचक पाथ नको:

सीडी /ईटीसी
राइट /टीएमपी/होस्ट्स.नवीन होस्ट्स.नवीन

त्या नावाची फाइल आधीच असेल तर राइट नकार देतो, ती अगोदर आरएमने काढावी लागते. टाकलेल्या फाइलचा मालक आणि परवानग्या स्टॅट आज्ञेने तपासा. चुकीचा मालक एसआयएफ आज्ञेने बदलता येतो. शेवटी बाहेर येऊन ई२एफएससीके -एफ चालवून घ्या.

सीपीसारखी सुटसुटीत आज्ञा हवी असेल तर ई२टूल्स हे पॅकेज टाका. त्यात ई२एलएस आणि ई२सीपी मिळतात. इमेजचं नाव, मग कोलन, मग आतला पाथ:

ई२सीपी कार्ड.आयएमजी:/ईटीसी/होस्ट्स .

फॅट१२, फॅट१६, फॅट३२: एमटूल्स

पेन ड्राइव्ह, छोटी मेमरी कार्डं, कॅमेरे, यूईएफआय बूट पार्टिशन ही सगळी फॅटवाली मंडळी. एमटूल्स हा फ्लॉपीच्या काळापासूनचा संच आहे आणि आजही भरवशाचा. डॉसच्या आज्ञांच्या आधी एम लावला की झालं: एमडीआयआर, एमकॉपी, एमडीईएल, एमएमडी. -आय ने इमेज किंवा डिव्हाइस सांगायचं. दोन कोलन म्हणजे 'त्या डिस्कच्या आत'.

एमडीआयआर -आय पेन.आयएमजी ::
एमकॉपी -आय पेन.आयएमजी ::पत्र.टीएक्सटी .
एमकॉपी -आय पेन.आयएमजी नवीन.टीएक्सटी ::

पहिली आज्ञा यादी दाखवते, दुसरी फाइल बाहेर काढते, तिसरी आत टाकते. फोल्डरसकट कॉपीसाठी -एस आणि मूळ तारीख टिकवायला -एम जोडा. फाइल्सची नावं मराठीत असतील तर टर्मिनलचं लोकेल यूटीएफ-८ आहे ना ते पाहून घ्या.

एमटूल्सला एक्सफॅट समजत नाही. ६४ जीबी आणि त्यापुढची कार्डं सहसा एक्सफॅटमध्येच येतात, तेव्हा एलएसबीएलकेमध्ये खात्री करा.

पूर्ण डिस्कची इमेज असेल तर: ऑफसेट

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात. इमेज पूर्ण कार्डाची असेल तर तिच्या सुरुवातीला पार्टिशन टेबल असतं, फाइलसिस्टम नंतर सुरू होते. साधनाला थेट इमेज दिली तर ते "ही फाइलसिस्टम नाही" म्हणतं आणि आपण समजतो की डेटा गेला.

एफडिस्क -एल कार्ड.आयएमजी

यात प्रत्येक पार्टिशनचा सुरुवातीचा सेक्टर दिसतो. तो सेक्टरच्या आकाराने गुणा. सेक्टर २०४८ असेल आणि आकार ५१२ बाइट, तर २०४८ × ५१२ = १०४८५७६ बाइट, म्हणजे बरोबर १ एमबी. मग:

एमकॉपी -आय कार्ड.आयएमजी@@१०४८५७६ ::कॉन्फिग.टीएक्सटी .
डीबगएफएस "कार्ड.आयएमजी?ऑफसेट=१०४८५७६"

एमटूल्ससाठी दोन ॲट चिन्हं, डीबगएफएससाठी प्रश्नचिन्ह आणि ऑफसेट. दुसऱ्या आज्ञेत अवतरणचिन्हं विसरू नका, नाहीतर शेल प्रश्नचिन्हाचा भलताच अर्थ लावू शकतो.

एनटीएफएस: विंडोजच्या डिस्क

एनटीएफएस-३जी बरोबर तीन छोटी साधनं येतात. यादीसाठी एनटीएफएसएलएस, फाइल बाहेर काढायला एनटीएफएसकॅट, आत टाकायला एनटीएफएससीपी.

सूडो एनटीएफएसएलएस -पी /यूझर्स /डेव्ह/एसडीबी३
सूडो एनटीएफएसकॅट /डेव्ह/एसडीबी३ यूझर्स/आई/पाककृती.डॉक > पाककृती.डॉक

एनटीएफएसकॅट फाइलचा मजकूर फक्त ओतून देतो, म्हणून पुढे 'पेक्षा मोठं' चिन्ह देऊन तो फाइलमध्ये घ्यायचा. विंडोजचं फास्ट स्टार्टअप सुरू असेल तर 'शट डाउन' केल्यावरही विंडोज अर्धवट झोपलेलं असतं. अशा डिस्कवरून वाचा, पण लिहू नका. आणि बिटलॉकर लावलेली डिस्क या साधनांना वाचता येणार नाही. ती आधी उघडावी लागते.

बीटीआरएफएस

याच्याकडे खास याच कामासाठी आज्ञा आहे:

सूडो बीटीआरएफएस रिस्टोअर -व्ही /डेव्ह/एसडीबी१ /टीएमपी/वाचवलं

कॅपिटल डी दिला तर नुसती यादी दिसते, काही कॉपी होत नाही. आधी ते करून बघा. फाइलचा मालक, परवानग्या आणि तारखा हव्या असतील तर -एम द्यावा लागतो. स्नॅपशॉट हवे असतील तर -एस.

आयएसओ आणि स्क्वॉशएफएस

इथे फार बोलण्यासारखं नाही. आयएसओसाठी ७झेड एक्स आणि पुढे फाइलचं नाव, एवढं पुरतं. स्क्वॉशएफएससाठी अनस्क्वॉशएफएस. ७-झिपला ईएक्सटी४ आणि एनटीएफएसच्या इमेजही उघडता येतात. म्हणून विंडोजवर असाल आणि फक्त वाचायचं असेल, तर तोच सोपा उपाय.

व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क

क्यूकॉ२ किंवा व्हीएमडीके अशा फाइल्ससाठी लिबगेस्टएफएस वापरा. डेबियन-उबुंटूवर पॅकेज लिबगेस्टएफएस-टूल्स.

व्हर्ट-कॉपी-आउट -ए सर्व्हर.क्यूकॉ२ /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू /टीएमपी
व्हर्ट-कॉपी-इन -ए सर्व्हर.क्यूकॉ२ नवीन.कॉन्फ /ईटीसी

हे साधन आत एक चिमुकलं लिनक्स सुरू करतं आणि माउंट तिथे होतं, तुमच्या मशीनवर नाही. त्यामुळे सुरू व्हायला काही सेकंद लागतात, पण एक्सएफएससकट तुमचा कर्नल जे जे वाचू शकतो ते बहुतेक सगळं चालतं. एक्सएफएसची इमेज असेल तर मी सरळ हेच वापरतो. उबुंटूवर सूडोशिवाय चालत नसेल तर कारण बहुधा हे: तिथे /बूटमधली कर्नलची फाइल फक्त रूटला वाचता येते.

माझी चूक, जी तुम्ही करू नका

आता ती गोष्ट सांगतो, जिच्यामुळे वर "आधी अनमाउंट तपासा" असं लिहिलंय.

घरचे फोटो मी एका कार्डावर ठेवायचो. त्यात आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो होते. त्याच कार्डावर एक छोटी कॉन्फिग फाइल टाकायची होती. डीबगएफएस नवीन शिकलो होतो, हात शिवशिवत होते. कार्ड लावलं, -डब्ल्यू देऊन उघडलं, फाइल लिहिली, बाहेर आलो. कुठेही एरर नाही. मग फाइल मॅनेजरमध्ये 'इजेक्ट' दाबलं.

तिथेच लक्षात यायला हवं होतं. इजेक्टचं बटण दिसत होतं, म्हणजे कार्ड माउंट होतं. डेस्कटॉपने ते आपोआप केलं होतं. झालं असं, की कर्नलकडे फाइलसिस्टमचं जुनं चित्र मेमरीत होतं. डीबगएफएसने त्याच्या नकळत डिस्कवर बदल केले. त्यानंतर कर्नलने आपल्याकडचं जुनं चित्र डिस्कवर उतरवलं. दोन माणसांनी एकाच वहीत एकमेकांना न विचारता खाडाखोड करावी, तसं.

पुढच्या वेळी कार्ड लावलं तर एररची रांग. ई२एफएससीके चालवल्यावर बरेचसे फोटो लॉस्ट-प्लस-फाउंड फोल्डरमध्ये गेले, नावांच्या जागी नुसते आकडे. काही फोटो अर्धेच उघडतात, खालचा भाग करडा. आजीचा ओवाळतानाचा एक फोटो तसा आहे. त्याची दुसरी प्रत कुणाकडेच नाही.

डीबगएफएसने मला अडवलं नाही, कारण अडवणं हे त्याचं काम नाही. ही साधनं कर्नलला वळसा घालून जातात. वळसा घेतला की कर्नलची राखणही मागे राहते. नियम दोन ओळींचा आहे:

वाचायचं असेल तर डिस्क अनमाउंट असलेली बरी.
लिहायचं असेल तर ती अनमाउंट असलीच पाहिजे. चालू व्हर्च्युअल मशीनच्या डिस्कलाही हेच लागू.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*प्रत्येक वेळी सूडो नको, म्हणून स्वतःला डिस्क ग्रुपमध्ये टाकू का?* नको. त्या ग्रुपमधला माणूस कोणतीही डिस्क थेट वाचू-लिहू शकतो, म्हणजे तो जवळजवळ रूटच झाला. त्यापेक्षा इमेज काढा आणि इमेजवर काम करा.

*लुक्सने एन्क्रिप्ट केलेली डिस्क चालेल का?* थेट नाही. आधी क्रिप्टसेटअप ओपन करा. त्याने डिस्क फक्त उघडते, माउंट होत नाही. मग /डेव्ह/मॅपरखाली जे नाव दिसेल ते वरच्या साधनांना द्या.

*फोल्डरमधून नवीन ईएक्सटी४ इमेज बनवायची आहे, तेही माउंट न करता?* २०१६ च्या ई२एफएसप्रॉग्स १.४३ पासून ते सोपं झालं आहे:

एमकेई२एफएस -टी ईएक्सटी४ -डी फोल्डर नवीन.आयएमजी ५१२एम

शेवटचा एम कॅपिटल. फोल्डरमधलं सगळं इमेजमध्ये भरलं जातं, रूट लागत नाही.

थोडक्यात

ईएक्सटी: डीबगएफएस किंवा ई२सीपी.
फॅट: एमकॉपी.
एनटीएफएस: वाचायला एनटीएफएसकॅट, लिहायला एनटीएफएससीपी.
बीटीआरएफएस: बीटीआरएफएस रिस्टोअर.
आयएसओ: ७झेड. स्क्वॉशएफएस: अनस्क्वॉशएफएस.
एक्सएफएस आणि व्हर्च्युअल डिस्क: व्हर्ट-कॉपी-आउट, व्हर्ट-कॉपी-इन.

काकांनी आता उधारीची वही पुन्हा कागदावरही ठेवायला सुरुवात केली आहे आणि रोज रात्री एक प्रत पेन ड्राइव्हवर जाते. मी त्यांना हसलो नाही. वरच्या सगळ्या आज्ञा पाठ असण्यापेक्षा दुसरी प्रत असणं केव्हाही चांगलं. पण ती नसेल आणि समोरची डिस्क माउंट होत नसेल, तर फॉरमॅटचं बटण दाबण्याआधी हा लेख एकदा उघडा.